सिरोंच्याचे जुरासिक मासे: नागपूरहून निघायच्या आधी वाचा

सिरोंच्याजवळ प्राणहितेकाठी, कोटा गावच्या चुनखडीत समुद्रातले अख्खे मासे दिसतात, असं नागपुरात छातीठोकपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. ही चुनखडी सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वी गोड्या पाण्याच्या तळ्यांत साचली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि अख्खे मासे केव्हाच संग्रहांत गेले. इथला लेपिडोटस हा मासा 1851 सालीच शास्त्रात नोंदला गेला, पुढे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या सोहनलाल जैन यांनी या माशांवर काम केलं. कोट्याला ना फलक, ना कुंपण.

चंद्रपूरमार्गे आलापल्लीपर्यंत काही त्रास नाही. खरा प्रश्न पुढच्या शंभरेक किलोमीटरचा. आम्ही गेलो तेव्हा डांबर तुकड्यातुकड्यानं होतं, मध्ये नुसती खडी, आणि पुढे ट्रक असला की धुळीत काही दिसत नव्हतं. नकाशावरच्या वेळेवर विश्वास ठेवू नका, दुप्पट धरा. अंधार पडायच्या आत सिरोंचा गाठा. पावसाळ्यात तर नावच काढू नका, नाल्यांना पूर आला की रस्ताच बंद होतो.

भाडं नागपुरातच ठरलं होतं. तरी आलापल्लीला गाडी थांबवून चालक म्हणाला, "रस्ता पाहून राहिले ना तुम्ही? दोन हजार वरून लागतील." जंगलात काय वाद घालणार? दिले. ही सरळ लूट आहे. 'सिरोंचा, जाऊन-येऊन, रस्ता कसाही असो' असं लिहूनच घ्या आणि सगळे पैसे आधी देऊ नका.

एवढं करून जावं का? जावंच. फिकट दगडाच्या एका पातळ थरावर चौकटी खवल्यांची एक ओळ सापडली, कौलांसारखी एकावर एक चढलेली. ओलं बोट फिरवलं तर काळी चकाकी वर आली. ती गॅनॉइनची, म्हणजे खवल्यांवरच्या चकचकीत कठीण थराची. त्या कठीण थरामुळेच हे खवले टिकले. अंगातला सगळा शीण तिथं उतरला!

हातोडी नेऊ नका. सापडलेला तुकडा उचलू नका, फोटो काढा आणि तिथंच ठेवा. सिरोंच्यात तेलुगू जास्त चालते, मराठीवरही भागतं. मुक्काम तिथंच करा, आणि दुसऱ्या दिवशी वडधमचं जीवाश्म उद्यान पाहून परता. एका दिवसात नागपूरहून जाऊन येऊ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.