तीनच अल्बम: २०२४ ची यादी ठरवताना

डिसेंबर संपत आला की मोहोळकडच्या मामांच्या रानात आम्ही हुरड्याला जमतो, आणि त्या वर्षी आलेल्या अल्बमांतली आपापली तीन नावं सांगतो. तीनच. चौथं नाव मामा ऐकून घेत नाहीत. गेली काही वर्षं हे चालू आहे, पण २०२४ ची यादी ठरायला मला जेवढा वेळ लागला तेवढा आधी कधीच लागला नव्हता.

दिवाळी उरकल्यावर वहीत एकतीस नावं लिहिली. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघते. दिवसभर डोक्यात सुताचे भाव आणि बिलं असतात, त्यामुळे ऐकणं रात्री साडेनऊनंतर. मागच्या गल्लीतले माग तोवर खडखडत असतात, ते थांबले की मी हेडफोन लावते. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एका बैठकीत ऐकायचा, हातात दुसरं काम घ्यायचं नाही, आणि मध्ये काही दिवस सोडून निदान तीनदा ऐकायचा. पहिल्यांदा नवेपणाच आवडतो. तिसऱ्यांदा बसताना मन आपणहून तयार होतं की नाही, त्यावर माझा निर्णय ठरतो. पहिल्याच फेरीत वीसेक नावं गेली.

त्यात गायिका अरूज आफताबचा 'नाइट रेन' गेला, आणि ती मोठी चूक होती. वहीत मी शेरा मारला होता, 'आवाज सुंदर, पण अल्बम विस्कळीत.' दोन आठवड्यांनी लक्षात आलं की ज्या ॲपवर मी ऐकत होते ते तेव्हा फुकट वापरणाऱ्यांना गाणी स्वतःच्या मर्जीने उलटसुलट वाजवून दाखवायचं. म्हणजे मी तो अल्बम ऐकलाच नव्हता. फक्त त्यातली गाणी ऐकली होती. पैसे भरले आणि त्या फेरीत काट मारलेले सगळेच अल्बम पुन्हा ऐकायला घेतले. पंधरा रात्री त्यातच गेल्या. वाईट याचं वाटलं की कुणीतरी महिनोन् महिने खपून गाण्यांचा क्रम लावतो, आणि आपण शेवट आधी आणि सुरुवात मध्येच ऐकून त्याच्यावर शेरा मारतो.

क्रमाने ऐकल्यावर 'नाइट रेन' उलगडत गेला. 'आये नहीं'ने सुरुवात होते, मग येतं 'ना गुल'. हे शब्द माहलका बाई चंदा यांचे आहेत, हे वाचलं आणि मी उठून बसले. त्या हैदराबादच्या, अठराव्या शतकात जन्मलेल्या, उर्दूत स्वतःचा दिवान, म्हणजे कवितासंग्रह, असलेल्या अगदी सुरुवातीच्या कवयित्रींपैकी एक. त्या १८२४ साली वारल्या, म्हणजे अल्बम आला त्या वर्षी बरोबर दोनशे वर्षं झाली. 'साकी'चे शब्दही त्यांचेच. आमच्या सोलापूरच्या वेशीपलीकडे तुळजापूर-नळदुर्गपासून निजामाचा मुलूख सुरू व्हायचा. हैदराबादची गाडी रोज आमच्या स्टेशनवरून जाते. दख्खनच्या एका बाईची कविता न्यूयॉर्कला राहणाऱ्या पाकिस्तानी गायिकेच्या गळ्यातून माझ्यापर्यंत आली. त्या रात्री मी तो अल्बम दोनदा ऐकला.

दुसऱ्या नावाबद्दल शंका नव्हती, पण ते नियमात बसेना. कव्वाल नुसरत फतेह अली खाँ यांचा 'चेन ऑफ लाइट' आला सप्टेंबर २०२४ मध्ये, पण ध्वनिमुद्रण १९९० चं, इंग्लंडमधल्या रिअल वर्ल्ड स्टुडिओत केलेलं. टेप संग्रहात पडून राहिल्या आणि २०२१ मध्ये हाती लागल्या. खाँसाहेब तर १९९७ सालीच गेले. मग हा या वर्षीचा अल्बम म्हणायचा का? मामांना फोन केला. ते म्हणाले, "आपल्याला कधी मिळालं ते बघायचं गं. चौतीस वर्षं पेटीत होतं, त्यात गाणाऱ्याचा काय दोष?" रविवारी ते घरी आले तेव्हा दिवाणखान्यातल्या स्पीकरवर लावला. चारच कव्वाल्या आहेत. मामा गिरणीत होते, एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरकडे दुसरा कान करून बसले. 'या गौस या मीराँ' सुरू झाली तशी त्यांची बोटं खाटेच्या पट्टीवर टाळ्यांच्या ठेक्याला लागली. तान वर चढताना बोटं थांबायची, समेवर पुन्हा पडायची. शेवटपर्यंत ते बोलले नाहीत. चहा तसाच गार झाला.

तिसरी जागा रिकामी होती, आणि त्यात १६ डिसेंबरला, सोमवारी सकाळी, तबलावादक झाकीर हुसेन, आपले झाकीरभाई, गेल्याची बातमी पक्की झाली. यादी मिटवून ठेवली. त्याच वर्षी फेब्रुवारीत एका रात्रीत तीन ग्रॅमी घेणारा माणूस. २०२३ च्या माझ्या यादीत त्यांच्या 'शक्ती' या बँडचा 'धिस मोमेंट' पहिला होता. आठवडाभर फक्त त्यांचाच तबला ऐकला. 'धिस मोमेंट' झाला, 'ॲज वी स्पीक' झाला, मग मागे जात 'संगम'पर्यंत पोचले. २००६ साली आलेलं मैफिलीचं ध्वनिमुद्रण, सॅक्सोफोनवर चार्ल्स लॉइड, ड्रमवर एरिक हार्लंड आणि तबल्यावर झाकीरभाई. त्यात लॉइड एक वाक्य वाजवून थांबतात, तबल्याला बोलू देतात, मग पुढचं वाक्य. ती थांबण्याची सवय कानात बसली आणि वहीतलं त्यांचंच एक नाव आठवलं. 'द स्काय विल स्टिल बी देअर टुमॉरो', १५ मार्च २०२४, त्यांच्या शहाऐंशीव्या वाढदिवशी आलेला दुहेरी अल्बम. नोव्हेंबरमध्ये मला तो लांबलेला वाटला होता. आता त्यातल्या मोकळ्या जागाही ऐकू येऊ लागल्या. तिसऱ्यांदा ऐकला तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते आणि निर्णय झाला होता.

रानात आगटी पेटली होती. गुळभेंडीचा हुरडा, शेंगाचटणी, दही. मी तीन नावं सांगितली. प्रत्येकाला एकच गाणं वाजवता येतं, म्हणून मी 'ना गुल' काढून फोन मामांच्या चांगल्या कानाजवळ धरला. त्यांनी हातातलं कणीस खाली ठेवलं.

"ते अल्बममधलं दुसरं गाणं आहे म्हणालीस ना? मग सुरुवातीपासून लाव की गं."