तालमीतलं तेल आणि बर्फातले गुडघे

ऑस्ट्रियात इन्सब्रुकला फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले त्याला आता आठ वर्षं होतील. घरी फोन केला की आईचा पहिला प्रश्न अजून तोच, "बर्फ पडला काय गं?" बर्फाचं मागं पुष्कळ लिहून झालंय. आज लिहायचंय ते त्या बर्फावरून जिवाच्या आकांतानं खाली येणाऱ्या माणसांच्या गुडघ्यांबद्दल.

इथून गाडीनं सव्वा-दीड तासावर किट्झब्यूल आहे. तिथं दर जानेवारीत श्ट्राइफ नावाच्या उतारावर स्कीची शर्यत होते. उताराची लांबी 3312 मीटर. कोल्हापुरातून पन्हाळ्याला जाताना आपण जेवढं चढतो, त्याच्या साधारण दुप्पट उंची हे खेळाडू दोन मिनिटांच्या आत उतरतात. वेग ताशी 140 किलोमीटरपर्यंत जातो. सुरुवातीलाच माउझफाले, म्हणजे उंदराचा सापळा, नावाचा कडा येतो आणि तिथं माणूस अक्षरशः हवेत असतो. टीव्हीवर बघताना हे सोपं वाटतं. पण अर्ध्या बैठकीत थांबून, प्रत्येक वळणाला अंगाच्या कितीतरी पट भार मांड्यांवर झेलत दोन मिनिटं काढायची म्हणजे काय, हे ज्यानं तालमीत बैठका मारल्यात त्यालाच कळेल.

माझ्याकडे येणाऱ्या एक बाई अशाच शर्यती खेळलेल्या. वय अठ्ठावन्न. डाव्या गुडघ्याची चार ऑपरेशनं झालीत. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला अगं म्हण." इथं डोंगरात हजार मीटरच्या वर गेलं की सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात अशी रीत आहे. आमच्या पेठेत त्यासाठी डोंगर चढावा लागत नाही, म्हणून मला ते ऐकून घरच्यासारखंच वाटलं.

तिच्या खिडकीत दारूत भिजवलेल्या अर्निकाच्या पिवळ्या फुलांची बाटली असते. मार लागला, पाय मुरगळला की तेच चोळायचं. सांध्यांना डोंगरातल्या मार्मोट नावाच्या, खारीच्या कुळातल्या प्राण्याच्या चरबीचं मलम. आणि रोज सकाळी बागेतल्या गुडघाभर गार पाण्याच्या हौदात बगळ्यासारखा एकेक पाय पाण्याबाहेर काढत चालायचं. हा पाण्याचा उपचार सेबास्टियन क्नाइप या जर्मनीतल्या बव्हेरियाच्या पाद्र्यानं एकोणिसाव्या शतकात लोकांत रुजवला. आपल्याकडे गांधीजींनी 1946 साली उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम काढला, तिथंही पाणी आणि माती हीच औषधं. हे सांगितल्यावर ती कितीतरी वेळ त्याच विषयावर बोलत राहिली.

मग मी तिळाचं तेल नेलं. आजोबा कोल्हापुरातल्या गंगावेस तालमीत घुमलेले. तिथली लाल माती, तिच्यात मिसळलेली हळद, ताक, तेल, लिंबू, तो वास आजोबांच्या अंगाला कायम असायचा. मला तालमीत जायला मिळालं नाही, पण पाय मुरगळला की आजोबा सोप्यात बसवून मालिश करायचे. आधी तेल तळहातावर घासून ऊन करायचं, मग पोटरीकडून वर, हृदयाच्या दिशेनं. दुखऱ्या जागेवर अंगठा रोवायचा नाही, तिच्या भोवतीनं फिरवायचा. शिक्षण घेऊन इथं आले, यंत्रं वापरली, तरी हात तसेच चालतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण गावाकडून फोन येतात आणि लोक विचारतात. तुटलेला लिगामेंट, म्हणजे सांध्यातली हाडं बांधून ठेवणारा पट्टा, तेलानं जुळत नाही. आधी सर्जन, मग महिनोन् महिने व्यायाम. तेल, पाणी, झोप, मन शांत ठेवणं, हे त्याच्या जोडीला. हर्मन मायर हा इथला स्कीपटू, आधीचा गवंडी, 1998 ला नागानोच्या ऑलिम्पिकमध्ये भयंकर आपटला आणि तीन दिवसांनी सुवर्णपदक घेऊन गेला. 2001 ला मोटारसायकलच्या अपघातात त्याचा पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली. 2003 च्या जानेवारीत तो पुन्हा उतारावर आला आणि किट्झब्यूलला जिंकला. यात डॉक्टरांचे हात आहेत, तसा त्याचा हट्टही आहे.

एकदा मालिश करताना मी तिला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. 1952 ला हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला कुस्तीसाठी जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. ती उठूनच बसली. म्हणाली, माझी पहिली चांगली स्की गावानं वर्गणी काढून घेतली होती.

म्हणून ती देणगी देते. गाजावाजा न करता, दरवर्षी. अमेरिकेची स्कीपटू लिंडसी व्हॉन हिची संस्था मुलींना शिष्यवृत्ती देते, तिथलीच दुसरी स्कीपटू मिकाएला शिफ्रिन हिच्या दिवंगत वडिलांच्या नावानं अमेरिकेच्या स्की खेळाडूंसाठी निधी आहे. माझी बाई देते ती मणक्याला इजा झालेल्यांच्या संशोधनासाठी, विंग्ज फॉर लाइफला. तिच्याबरोबर खेळलेली एक मैत्रीण पडली ती परत चाललीच नाही. तिच्याबद्दल ती एकदाच बोलली.

या संस्थेची मे महिन्यात धाव असते. जगभर एकाच क्षणी सुरू होते आणि प्रवेशशुल्काचा सगळा पैसा संशोधनाला जातो. शेवटची रेषा नाही. अर्ध्या तासानं मागून गाडी सुटते, ती गाठेल तिथं तुम्ही थांबायचं. फोनवरच्या ॲपवरही धावता येतं. इथं दुपारी एक, कोल्हापुरात साडेचार. मी भावाला नाव घालायला लावलं. मे मधलं ऊन, तरी गडी रंकाळ्यावर हजर.

ती इन नदीच्या काठानं काठी टेकत चालली, मी बरोबर. साडेचार किलोमीटरला गाडीनं आम्हाला गाठलं. भाऊ तेव्हा रंकाळ्याची दुसरी फेरी मारत होता, धापा टाकत फोनवर म्हणाला, "अजून हाय मी, थांबू नका!" तिला मराठी कळलं नाही, पण ती हसली. बाकावर बसली, पँट गुडघ्याच्या वर ओढली, पिशवीतून तिळाच्या तेलाची बाटली काढली आणि आधी दोन्ही तळहात एकमेकांवर घासले.