नंबर नसलेली जोडी

टेलिफोन एक्सचेंज बंद करायचे म्हणजे तांब्याची केबल उपसून काढायची, असे बाहेरच्यांना वाटते. केबल उपसायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो कोणती तार कोणाची आहे, हे ठरवण्यात. ज्या एक्सचेंजविषयी मी लिहीत आहे, तेथील मुख्य वितरण फ्रेमवर, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या एमडीएफवर, तारांच्या सुमारे 12,000 जोड्या येऊन बसल्या होत्या; एका लाइनला दोन तारांची एक जोडी लागते. फ्रेमच्या एका अंगाला बाहेरून येणाऱ्या केबली, दुसऱ्या अंगाला स्विचचे, म्हणजे कॉल जोडणाऱ्या यंत्राचे पोर्ट आणि मधल्या पोकळीत कित्येक दशकांत टाकलेले, ग्राहक गेला तरी कोणी न काढलेले जंपर, म्हणजे फ्रेमवरची दोन टोके एकमेकांना जोडणाऱ्या सुट्या तारा. त्या जुडग्यात हात घातला की तो कोपरापर्यंत दिसेनासा होतो.

हा गुंता माणसांनी एकेक तार ओढून सोडवायचा म्हटले असते, तर कित्येक महिने गेले असते. म्हणून आम्ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी एक प्रणाली उभी केली होती आणि तिची जबाबदारी माझ्याकडे होती. तिला तीन गोष्टी पुरवल्या जात: स्विचमधील कॉलच्या नोंदी आणि लाइन टेस्टचे निकाल, जुनी रेकॉर्ड कार्डे स्कॅन करून वाचलेला मजकूर आणि फ्रेमची जवळून घेतलेली छायाचित्रे. लाइन टेस्टमधून बरेच काही कळते. तांब्याच्या जोडीची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) दर किलोमीटरला साधारण 50 नॅनोफॅरड भरते. जुन्या फोनच्या घंटीतला कपॅसिटर त्याच्या कितीतरी पट मोठा, एखाद्या मायक्रोफॅरडचा असतो. त्यामुळे तार किती अंतरावर तुटली आहे आणि टोकाला फोन लटकलेला आहे की नाही, हे एक्सचेंजमध्ये बसून सांगता येते. असे सगळे पुरावे एकत्र करून प्रणाली प्रत्येक जोडीपुढे ‘जिवंत’ किंवा ‘मृत’ असा शेरा आणि त्या शेऱ्याची खात्री टक्क्यांत लिहीत असे. काम चोख होते. पहिल्या पडताळणीत निवडलेल्या जोड्यांमध्ये एकही चूक सापडली नाही आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी सकाळी मृत जोड्यांचे जंपर कापायला सुरुवात झाली. कापणाऱ्यांमध्ये निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेले एक तंत्रज्ञ होते. त्यांना सगळे दादा म्हणत. तासाभरानंतर त्यांनी मला फ्रेमजवळ बोलावले. यादीतल्या एका जोडीवर बोट ठेवून ते म्हणाले, “मॅडम, हिला मी कात्री लावणार नाही.” कारण विचारले, तेव्हा त्यांनी टर्मिनलवर बसवलेली प्लास्टिकची एक बारीक टोपी चिमटीत धरून उपसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. बाहेरून ती आजूबाजूच्या धुळीसारखीच मातकट दिसत होती. उलटी केली, तर आतली बाजू अजून लालभडक होती. एमडीएफवर विशेष सर्किटांच्या टर्मिनलांना अशा लाल टोप्या घालण्याची पद्धत आहे, म्हणजे टेस्ट करताना कोणी चुकून तेथे बझर, म्हणजे तार शोधण्यासाठी आवाज सोडणारे उपकरण, लावू नये. आमच्या प्रणालीला लाल टोप्या ओळखायला शिकवलेले होते. विटलेल्या टोप्या ओळखायला शिकवलेले नव्हते.

मी यादी पाहिली. शेरा ‘मृत’, खात्री 97 टक्के. मीटर लावला, तर दोन तारांमध्ये 24 व्होल्ट दिसले. ओलावा असेल, असे मी म्हटले, कारण केबलमध्ये पाणी शिरले की शेजारच्या चालू जोडीचे व्होल्टेज मेलेल्या जोडीवर झिरपते आणि हा प्रकार जुन्या केबलींत नेहमीचाच आहे. दादांनी काही न बोलता मीटरचे एक टोक जमिनीच्या पट्टीला लावले. एक्सचेंजच्या 48 व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडलेले असते (तारा ऋण राहिल्या की तांबे कमी गंजते, म्हणून ही जुनी युक्ती), त्यामुळे झिरपलेले व्होल्टेज जमिनीच्या तुलनेत नेमके आणि ऋण दिसायला हवे. येथे जमिनीशी मोजताना आकडा नुसता भरकटत होता आणि दोन तारांमध्ये मात्र 24 वर खिळून होता. याचा अर्थ, हा पुरवठा आमचा नव्हताच. बाहेरच्या कोणीतरी आपली स्वतःची बॅटरी या जोडीवर लावून ठेवली होती.

पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. जोडीवर थोडा भार टाकून पुरवठा खरा आहे का, ते पाहावे, असे मी सुचवले. दादांनी माझा हात अक्षरशः धरला. भार टाकला की सर्किटमधून प्रवाह वाहणार आणि पलीकडे जे काही बसले असेल, त्याला तो इशारा वाटणार. मग आम्ही जंपरच्या मागे लागलो. तो स्विचकडे जातच नव्हता; एका केबलमधून येऊन फ्रेमच्या त्याच अंगाला दुसऱ्या केबलमध्ये शिरत होता. दोन्ही केबलींची टोके शोधायला दुपार उलटली. एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला पंपघर. टाकीतला तरंगता स्विच पाणी ठरावीक पातळीखाली गेले की संपर्क जोडत असे आणि पंपघरातला रिले पंप चालू करत असे. या जोडीवर आजवर कोणी एक शब्दही बोलले नव्हते.

मला टोचले ते हे, की लिफ्टमधील आपत्कालीन फोन, आग-सूचक यंत्रणा, वृद्धांच्या गळ्यातली मदतीची बटणे या सगळ्यांची आम्ही काटेकोर काळजी घेतली होती. ब्रिटनमध्ये जुने टेलिफोन जाळे 2025 च्या अखेरीस बंद व्हायचे होते. ती मुदत जानेवारी 2027 पर्यंत पुढे गेली, त्यामागे अशा बटणांवर अवलंबून असलेल्या लोकांची चिंता हे महत्त्वाचे कारण होते आणि आम्ही त्यातून धडा घेतला होता. मात्र त्या सर्व उपकरणांना नंबर असतो. वर्षातून एकदा का होईना, ती डायल करतात आणि नोंदीत सापडतात.

रात्री मी त्या 97 टक्क्यांची उकल करत बसले. स्विच म्हणत होता, या जोडीला पोर्ट नाही. पोर्ट नाही म्हणून लाइन टेस्टही झालेली नव्हती आणि तो रिकामा रकाना प्रणालीने ‘टोकाला काही नाही’ असा वाचला होता. रेकॉर्ड कार्डावर नंबरच्या जागी शाईची एक आडवी रेघ होती. इतर कार्डांवर तिचा अर्थ ‘नंबर परत केला’ असा होता. येथे तिचा अर्थ ‘नंबर कधी नव्हताच’ असा होता. मी तिघांना स्वतंत्र साक्षीदार समजत होते आणि त्यांच्या एकमतामुळे खात्री वाढत गेली होती. त्यांतले दोघे एकच गोष्ट सांगत होते, की नंबर नाही. तिसऱ्याला, म्हणजे छायाचित्राला, धुळीमुळे काहीच दिसले नव्हते. चूक प्रणालीच्या हिशेबात नव्हती. मृत्यूची व्याख्या मी केली होती आणि ती फोनसाठी होती, तारेसाठी नव्हती.

कापणी तीन आठवडे थांबली, त्याबद्दल वरून नाराजी आली आणि ती मला समजण्यासारखी होती. ‘मृत’ हा शेरा आम्ही काढून टाकला. आता प्रणाली कोणती जोडी आधी मीटर लावून पाहावी, एवढाच क्रम लावते. फ्रेमच्या एकाच अंगाला दोन्ही टोके असलेले जंपर ती छायाचित्रांतून वेगळे काढते आणि विटलेल्या टोप्यांची शेकडो छायाचित्रे दादांनी स्वतः वेगळी काढून दिली. त्या तीन आठवड्यांत नंबर नसलेल्या, पण व्होल्टेज असलेल्या आणखी अकरा जोड्या मिळाल्या. सात जोड्यांचे मालक सापडले आणि त्यांना पर्यायी जोडणी देण्याचे काम सुरू आहे. उरलेल्या चार कोणाच्या आहेत, ते अजून कळलेले नाही. त्यांच्यावर दादांनी नव्या लाल टोप्या बसवल्या आहेत आणि त्या केबली आम्ही अजून उपसलेल्या नाहीत.