'गड/पन्हाळा/वाटा' उघडलं! साइटच्या पत्त्यांचं काम कुठवर आलं

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडांची माझी साइट इथल्या बऱ्याच जणांनी पाहिली आहे. मागच्या रविवारी पन्हाळ्यावर तीन दरवाजापाशी एका काकांनी गडाच्या पानाचा पत्ता विचारला. सांगायला लागलो, "गड डॉट पीएचपी, मग प्रश्नचिन्ह, मग नाव, मग बरोबरचं चिन्ह..." काकांनी वही मिटली. मनाला लागलं. त्याच रात्री कामाला बसलो.

'गड.पीएचपी?नाव=पन्हाळा&भाग=वाटा' याचं 'गड/पन्हाळा/वाटा' करायचं होतं. एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरला सूचना देणाऱ्या फाइलमध्ये नियम लिहिला, तर काहीच हललं नाही. अपाचे २.४ (साइट चालवणारा सर्व्हर प्रोग्राम) मध्ये अलाऊ-ओव्हरराइड ही सेटिंग मुळात 'नन' (काहीच नको) असते, म्हणजे ती फाइल वाचलीच जात नाही. ते बदललं. नियमाच्या सुरुवातीची तिरकी रेघही काढली, कारण या फाइलपाशी पत्ता येतो तो ती रेघ कापूनच. पान उघडलं, पण रंगरूप गेलेलं. ब्राउझर स्टाइलची (रंगरूपाची) फाइल 'गड/पन्हाळा/' मध्ये शोधत होता. तिचा मार्ग मुळापासून दिला, झालं.

खरी रात्र गेली जुन्या पत्त्यांत. लोकांनी ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेत, कुणी छापलेत. ते मोडू द्यायचे नाहीत हे माझं पक्कं होतं. म्हणून जुन्यावरून नव्यावर ३०१, म्हणजे 'पान कायमचं हलवलंय' असं ब्राउझरला सांगणारं वळण. रीराइट-रूलला (पत्ता बदलणाऱ्या नियमाला) प्रश्नचिन्हापुढचं दिसत नाही, त्यासाठी क्वेरी-स्ट्रिंगवर, म्हणजे त्याच भागावर, रीराइट-कंडिशन (नियमाची अट) लावली. आणि ब्राउझर गरगरायला लागला. जुना पत्ता नव्याकडे जातो, नवा आतल्या आत जुन्याचं रूप घेतो, अपाचे नियम पुन्हा पहिल्यापासून चालवतं, आणि जुनं रूप दिसताच परत बाहेर धाडतं. 'एल' ('हा शेवटचा नियम' अशी खूण) लावूनही थांबेना, कारण 'एल' तेवढी एक फेरीच संपवतो. शेवटी अट 'द-रिक्वेस्ट'वर लावली. त्यात ब्राउझरनं पाठवलेली मूळ ओळ असते, आतल्या बदलानं ती बदलत नाही. पहाटे दोनला फेरा तुटला. 'क्यूएसडी' (क्वेरी-स्ट्रिंग टाकून देणारी खूण) लावल्यावर मागं लोंबणारी प्रश्नचिन्हाची शेपटीही गेली.

एक कळकळीचं सांगणं: चाचणी ३०२ वर, म्हणजे तात्पुरत्या वळणावर, करा. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, मग नियम सुधारला तरी चूकच दिसत राहते.

इथं वाचायला देवनागरीत लिहिली असली, तरी प्रत्यक्ष पत्त्यातली नावं मात्र रोमन लिपीत ठेवली, नाइलाजानं. देवनागरी 'पन्हाळा' म्हणजे सात चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) प्रत्येकी तीन बाइट. लिंक कॉपी केली की प्रत्येक बाइटची टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरं होतात, म्हणजे ६३ अक्षरांची माळ. ब्राउझरच्या पट्टीत सुंदर दिसतं, मेसेजमध्ये वाचवत नाही. यावर कुणी मार्ग काढला असेल तर मला हवाच आहे.

राहिलंय ते असं, की 'गड/पन्हळा' असं चुकून टाइप केलं तर कोरं पान येतं आणि सर्व्हर २०० ('सगळं ठीक') म्हणतो. तिथं ४०४ ('पान सापडलं नाही') यायला हवं, सोबत जवळच्या नावाच्या गडाची लिंक. उद्या संध्याकाळी तेच धरतो.