नदीकाठचं कुंपण आणि शंभर डॉलरचा कॅल्क्युलेटर

न्यू जर्सीत शाळा सुरू व्हायच्या आधी सामानाची यादी येते. वह्या, फोल्डर, पेन्सिली, आणि त्यांच्याच रांगेत गुपचूप बसलेला टीआय-८४ ग्राफिंग (आलेख काढून दाखवणारा) कॅल्क्युलेटर. किंमत शंभर डॉलरच्या वर. बारावीला लॉग टेबलवर दिवस काढलेल्या माणसाला हा आकडा पचायला जरा वेळ लागतो.

लेक दहावीत आहे. डेरिव्हेटिव्हचं, म्हणजे आपल्या विकलनाचं, नावही अजून वर्गात निघालेलं नाही, तरी गृहपाठाला गणित हे: शेतकऱ्याकडे १०० फूट कुंपण आहे. एका बाजूला नदी, तिकडे कुंपण नको. आयताकृती कुरण जास्तीत जास्त किती मोठं होईल? (गुरं नदीत उतरतील त्याचं काय, हे विचारायचं नसतं.)

आपली पद्धत ठरलेली. रुंदी क्ष, मग लांबी १०० − २क्ष आणि क्षेत्रफळ क्ष(१०० − २क्ष). विकलन करा, शून्याशी मांडा, क्ष = २५. दुसरं विकलन −४, ऋण आहे, म्हणून महत्तम. १२५० चौरस फूट. पूर्ण मार्क! पण तो आलेख दिसतो कसा, हे मी तरी कधी काढून पाहिलं नव्हतं.

लेकीने समीकरण भरलं, 'ग्राफ' दाबलं, तर पडद्यावर नुसती एक उभी रेघ. कारण यंत्र मुळात −१० ते १० एवढंच दाखवतं.
"बाबा, विंडो बदलावी लागते," ती म्हणाली.
आणि खरी मेख इथेच आहे. क्ष शून्याच्या खाली जाणार नाही, ५० च्या पुढेही नाही, नाहीतर लांबीच उरत नाही. उभ्या अक्षावर १४०० पर्यंत जागा हवी. हे सगळं यंत्राला आपणच सांगायचं. मग डोंगरासारखा पॅराबोला उभा राहतो. 'मॅक्सिमम' निवडलं की यंत्र शिखराच्या डावीकडचा बिंदू विचारतं, मग उजवीकडचा, मग अंदाज. उत्तर कधीकधी २४.९९९९ असंही येतं, कारण ते बिचारं आकडे चाचपत शिखराकडे सरकत असतं. ते २५ च आहे, हे माणसाने ओळखायचं.

पुढे एपी कॅल्क्युलसच्या, म्हणजे शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या कॅल्क्युलसच्या, परीक्षेत मात्र ही चैन नाही. काही भागांत ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतोच, पण 'मॅक्सिममचं बटण दाबलं' एवढ्यावर मार्क मिळत नाहीत. उत्तर तेच का, हे कागदावर मांडून दाखवावं लागतं. हे मला पटतं.

तुमच्याकडे बारावीचं कुणी असेल तर शंभर डॉलर घालवू नका. डेस्मॉस हे आलेख काढणारं ॲप फुकट आहे, फोनवरही चालतं. पुढचं गणित घ्या: १२ − क्ष² या वक्राखाली, क्ष-अक्षावर पाया ठेवून, सर्वांत मोठा आयत बसवायचा. क्षेत्रफळ २क्ष(१२ − क्ष²). आधी आलेख बघा, मग विकलन करा. दोन्हीकडून ३२ च यायला हवं.