बंद मोटरसायकल छोट्या हत्तीतून पांढरकवड्याहून नागपूरला: माझा अनुभव

इंजिन जाम झालेली गाडी पांढरकवड्याहून नागपूरला न्यायची म्हणजे करंजी, वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी असा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. दुसऱ्या गाडीला दोर बांधून मोटरसायकल ओढत नेण्याचा विचार या महामार्गावर मनातही आणू नये. कारच्या मागे हूकवर बसवायचं कॅरिअर परदेशात सर्रास दिसतं, आपल्या छोट्या कारला ते झेपत नाही. ११० किलोची गाडी आणि २५ किलोचं कॅरिअर असं १३५ किलो वजन मागच्या अॅक्सलच्या १.२ मीटर मागे लटकलं आणि दोन अॅक्सलमधलं अंतर २.४ मीटर असलं, तर पुढच्या चाकांवरचं सुमारे ६७ किलो वजन उचललं जातं आणि मागच्या चाकांवर २०० किलोहून जास्त भार येतो. स्टिअरिंग हलकं पडतं, ब्रेक नीट धरत नाही. त्यात नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात ते वेगळंच. म्हणून मी सरळ छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस टेम्पो ठरवतो.

टाटा एस गोल्डचा हौदा सुमारे २२०० मिमी लांब आणि १४९० मिमी रुंद असतो. स्प्लेंडर २००० मिमी लांब आहे, म्हणजे फाळका (हौद्याचं मागचं दार) लावून आत मावते. बुलेटच्या जातीच्या ३५० सीसी गाड्या २१०० मिमीच्या पुढे जातात. त्यांना सरळ घालायला जागा फारच तंग पडते, म्हणून त्या तिरप्या घालतो, पुढचं चाक एका कोपऱ्यात आणि मागचं समोरच्या कोपऱ्याकडे. फाळका उघडा ठेवून चाक बाहेर काढू नका. माल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दंड २०,००० रुपये आहे, शिवाय माल उतरवायचा खर्च आपलाच.

खरी अडचण गाडी चढवण्यात आहे. हौद्याची उंची जमिनीपासून सुमारे अडीच फूट. हिशेब सोपा आहे: गाडीचं वजन गुणिले उंची, भागिले फळीची लांबी, तेवढा जोर ढकलायला लागतो. स्प्लेंडर ११२ किलोची. ५ फुटांची फळी लावली तर ५६ किलोचा जोर, ८ फुटांची लावली तर ३५ किलोचा. ३५० सीसीची गाडी १९५ किलो धरा, तर ५ फुटांवर ९७ आणि ८ फुटांवर ६१ किलो. म्हणून सेंट्रिंगवाल्याकडून ८ फुटांच्या, ९ इंच रुंद, २ इंच जाड अशा दोन फळ्या आणतो. एक गाडीसाठी, दुसरी माणसाला चालायला. दुसरी फळी आणायचा कंटाळा करतात आणि माणूस जमिनीवरून ढकलत राहतो. गाडी वर जाते तसा त्याचा हात हँडलपासून सुटत जातो आणि नेमकी शेवटच्या दोन फुटांत गाडी आडवी होते.

वावराजवळ असाल तर यापेक्षाही सोपं आहे. छोटा हत्ती मागून धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला लावा. धुरा दीड फूट उंच असला तर फळीला फक्त एक फूट चढाव उरतो. मात्र पावसाळ्यात हे करू नका. काळी माती टायरला थापली की फळीवर चाक साबणावर ठेवल्यासारखं घसरतं. आधी टायर आणि फळी दोन्ही खरडून पुसा, फळीवर बारदाना ठोका.

फाळका पूर्ण खाली सोडायचा. फळीचं टोक फाळक्यावर टेकवायचं नाही, हौद्याच्या तळावर टेकवायचं, आणि ते टोक दोराने हौद्याच्या हुकाला बांधायचं. न बांधलेली फळी चाकाच्या रेट्याने मागे सरकते आणि वरचं टोक सुटून खाली येतं. फळी मधोमध वाकत असेल तर खाली विटांचा टेका द्या.

चढवताना पुढच्या ब्रेकवर विसंबू नये. चढावर वजन मागच्या चाकावर जातं, पुढचं चाक ब्रेक लावूनही घसरत मागे येतं. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून क्लच दाबूनच ढकलायची. दम लागला की क्लच सोडायचा, मागचं चाक जागीच अडकतं. हा एक धडा जरी नीट गिरवला तरी निम्मी भीती जाते. डाव्या बाजूने चाला, क्लच आणि साइड स्टँड दोन्ही तिकडेच आहेत. दुसरा माणूस उजवीकडून ग्रॅबरेल धरून ढकलेल, पण थेट चाकाच्या मागे कोणी उभं राहायचं नाही. वरच्या टोकाला इंजिनचा किंवा सायलेन्सरचा तळ कडेला घासतो, तिथे हळू.

आता बांधणं. ड्रायव्हर हमखास म्हणतो, "भाऊ, डबल स्टँडवर लावू अन् नाड्यानं आवळू, काई होत नाई." होतं. जोराचा ब्रेक लागला की गाडी पुढे उडी मारून डबल स्टँडवरून उतरते. साइड स्टँडवर ठेवली तर प्रत्येक खड्ड्यात सगळं वजन त्या एका बोल्टवर आपटतं आणि फ्रेमचा कान वाकतो. गाडी स्वतःच्या दोन चाकांवर उभी राहिली पाहिजे, स्टँड वर. तिला उभी ठेवतात ते पुढचे दबलेले शॉकअप.

सुताचा दोर भिजला की आवळतो आणि सुकला की ढिला पडतो, प्लास्टिकच्या दोराची गाठ घसरते. २५ मिमी रुंदीचे चार रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे) घ्या, दोन पुढे आणि दोन मागे, शिवाय एक जास्तीचा. लेबलवर तुटण्याचा आकडा मोठा छापलेला असतो, वापरायचा भार बहुधा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका असतो. तो छोटा आकडा गाडीच्या वजनाएवढा तरी हवा.

पुढचं चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला भिडवा, मध्ये जुन्या टायरचा तुकडा घाला. पट्टा हँडलच्या टोकाला लावू नका, हँडल फिरतं आणि लिव्हर वाकतो. शॉकअप जिथे पकडलेले असतात त्या खालच्या टीला नायलॉनच्या पट्टीचा फास घालून त्यात हूक अडकवा. ब्रेकचा पाइप आणि वायरी त्यात दाबल्या जात नाहीत ना, हे बोटाने चाचपून बघा. दोन्ही पट्टे पुढे, खाली आणि बाहेरच्या बाजूला ओढले गेले पाहिजेत. आधी डावीकडचा थोडा आवळा, मग उजवीकडचा. गाडी डावीकडे कललेली असते, उजवा पट्टा तिला उभी करतो. मग स्टँड वर घ्या आणि दोन्ही आळीपाळीने आवळत शॉकअप निम्मे दाबा. पूर्ण दाबले तर ऑइल सील जातं. कमी दाबले तर खड्ड्यात शॉकअप आणखी दबतो, पट्टा क्षणभर ढिला होतो आणि हूक निसटतो. म्हणून प्रत्येक हूक बारीक तारेने बांधून टाकायचा. मागचे दोन पट्टे मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याला, बाहेर आणि किंचित मागे. हे फार आवळायचे नाहीत, मागचं चाक बाजूला सरकू नये एवढंच त्यांचं काम. हौद्याच्या कडेवर पट्टा घासतो तिथे ट्यूबचा तुकडा हवाच. पत्र्याची धार नवा पट्टा वाटेतच कापते.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचा पेट्रोलचा कॉक बंद करा, टाकीत लिटरभरच ठेवा. आरसे काढा. शेवटी हँडल धरून जोरात हलवा. गाडीबरोबर अख्खा छोटा हत्ती डुलला पाहिजे. नुसती गाडीच हलली तर पुन्हा आवळा. "मी मांगं धरून बसतो" म्हणणाऱ्याला बसू देऊ नका. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणूस बसवायला परवानगी नाही, आणि ११२ किलो पडायला लागले तर ते धरणं कोणाच्याही हाती नसतं.

पांदण संपून डांबरी लागताच पहिल्यांदा थांबायचं. पट्टे हमखास एखादा खाचा ढिले मिळतात. नंतर वडकीला, मग हिंगणघाटला.

उतरवताना आधी स्टँड खाली, एकाने हँडल धरायचं, मग पुढचा उजवा पट्टा सोडायचा. डावा आधी सोडला तर गाडी उजवीकडे ओढली जाते आणि तिकडे स्टँड नाही. नंतर पुन्हा पहिला गिअर, क्लचवर थांबत थांबत मागचं चाक आधी फळीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी शॉकअपच्या दांड्यांवर तेलाची कडी दिसते का, तेवढं पाहून मेकॅनिकला सांगायचं.