हुरड्याच्या आगटीशेजारी तीन सिंगल माल्ट

जानेवारीत संभाजीनगरहून बीडकडे निघालं की शहागडला गोदावरीचा पूल ओलांडल्यापासून उसाच्या ट्रॉल्या सोबतीला लागतात. गेवराई, बीड, मांजरसुंबा, तिथून डावीकडे केज आणि पुढे अंबाजोगाई. वाटेत एका साखर कारखान्याजवळ गाडीची काच खाली केली आणि मळीचा आंबूस-गोड वास आत शिरला. आपल्याकडे व्हिस्की म्हणून स्वस्तात जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं याच मळीच्या स्पिरिटवर उभं असतं. युरोपात त्याला व्हिस्की म्हणता येत नाही. तिथे धान्यच लागतं, आणि लाकडी पिंपात किमान तीन वर्षं मुरणंही. माझ्या पिशवीत तीन बाटल्या होत्या, तिन्ही सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत (दारू गाळायच्या कारखान्यात) मोड आलेल्या निव्वळ बार्लीपासून केलेल्या.

मुक्काम अंबाजोगाईजवळ मित्राच्या शेतावर होता. पोचलो तेव्हा त्याच्या वडिलांनी आगटी पेटवलेली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात गुळभेंडी ज्वारीची कोवळी कणसं खुपसायची, भाजली की हातावर चोळायची, पाखडायची आणि गरम हिरवे दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. या हुरड्यासाठीच मी तीनपैकी दोन बाटल्या धुरकट निवडल्या होत्या.

त्या दोन्ही कल ईलाच्या. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची ही १८४६ सालची डिस्टिलरी. तिथे मोड आलेली बार्ली वाळवताना पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेला पाला-पाचोळा आणि शेवाळ. तो धूर दाण्यात बसतो आणि भट्टीतून, पिंपातून थेट पेल्यापर्यंत येतो.

पहिली बाटली डिस्टिलरीची स्वतःची, बारा वर्षांची, ४३ टक्के अल्कोहोलची. दुसरी सिग्नेटरी या स्वतंत्र बॉटलरची, ४६ टक्क्यांची. स्वतंत्र बॉटलर स्वतः दारू गाळत नाहीत. डिस्टिलरीकडून पिंपं घेतात, मुरवतात आणि आपल्या नावाने भरतात. ही परंपरा जुनी आहे. कॅडनहेड १८४२ पासून आहे, एल्गिनच्या गॉर्डन अँड मॅकफेलचं किराणा दुकान १८९५ चं. सिग्नेटरी त्या मानाने अलीकडची, १९८८ ची. कल ईलाचा मोठा वाटा जॉनी वॉकरसारख्या ब्लेंडमध्ये, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांच्या मिश्रणात, जातो, पण तिची पिंपं या लोकांच्या हातीही बऱ्यापैकी लागतात. म्हणून ज्याला स्वतंत्र बाटल्यांची ओळख करून घ्यायची आहे, त्याला मी कल ईलापासूनच सुरुवात करायला सांगतो.

डिस्टिलरीची बाटली सुबक. आधी लिंबाची साल, मग धूर, शेवटी हलका खारटपणा. कुठेच काही टोचत नाही. सिग्नेटरीची जवळजवळ बिनरंगी. तिला थंड करून गाळलेलं नाही, त्यामुळे जिभेवर तेलकट बसते. धूर आधी येतो, गोडी नंतर, आणि घोट गेल्यावरही घशात राख रेंगाळते. काका, म्हणजे मित्राचे वडील, पीत नाहीत. त्यांनी पेला नाकाशी नेला आणि म्हणाले, "आगटीत तोंड घातल्यावानी वास यायलाय की रं!" या बाटलीचं याहून नेमकं वर्णन मला करता येणार नाही. हुरड्याचा कच्चा गोडवा तोंडात असताना घेतलेला तिचा घोट अप्रतिम होता. डिस्टिलरीची बाटली तिच्याशेजारी फार सभ्य वाटली.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. कडक व्हिस्कीत थेंब-थेंब पाणी घातलं की धुराचा वास देणारे ग्वायकॉलसारखे रेणू पृष्ठभागाकडे सरकतात आणि वास फुलतो. आम्ही एका पेल्यात बोअरचं पाणी घातलं, दुसऱ्यात जारचं. बोअरच्या जड पाण्याने लिंबू पार मारून टाकलं, जारच्या पाण्याने तेच लिंबू वर आलं. इथे पाण्याचा विषय निघाला की काका गप्प बसत नाहीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दारू कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावली. तो आदेश योग्यच होता. माणसं-जनावरं तहानलेली असताना दारूला पाणी मिळू नये, असं मी व्हिस्कीवर जीव असूनही म्हणतो.

तिसरी बाटली अमृत फ्यूजन, बंगळुरूची, ५० टक्के. भारतीय बार्ली आणि स्कॉटलंडची पीटवाली बार्ली मिळून केलेली. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के दारू उडून जाते, बंगळुरूच्या उष्णतेत दहा-बारा टक्के. नुकसान मोठं, पण लाकूड झपाट्याने उतरतं. गूळ, भाजलेलं लाकूड, संत्र्याची साल, मागे मंद धूर. चार थेंब पाणी घातल्यावर ती आणखी मऊ झाली. रात्रीचा गारठा तिला मानवला. मे महिन्यात हीच बाटली इथे उघडली तर आधी नाकात अल्कोहोल भरेल.

माझा क्रम: सिग्नेटरी पहिली, तिच्या अगदी मागोमाग फ्यूजन, मग डिस्टिलरीची बारा वर्षांची. आणि एक मागणं आहे. चीनमध्ये माओताय ही दारू मुख्यतः ज्वारीपासून बनते. मग आपल्या ज्वारीला मोड आणून, गोवरीच्या धुरावर वाळवून, ओकच्या पिंपात मुरवलेली दारू बीड-लातूरच्या मातीत का निघू नये? मी तिची पहिली बाटली रांगेत उभा राहून घेईन.

जायचं असेल तर हुरडा संपायच्या आत जा. दारूचा परवाना जवळ ठेवा, आणि रात्री मुक्काम करा. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात, त्या रस्त्यावर पिऊन गाडी काढायची नाही.